मिठाची बाटली, काडेपेटी

सोदनक्युला सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते
आणि उजाडायचं नाव नव्हतं.
डिसेंबरात सूर्य इथे आत येत नाही,
दुपारी निळसर चाहूल देतो
आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो.
उणे चोवीस. खिळ्यांचे टायर करकरत होते.
शेजारच्या सीटवर औषधांची पेटी, थर्मास,
केमियार्वीच्या वाटेवरच्या तीन घरांची यादी.
पहिली आइली. वय ब्याण्णव. इन्सुलिन, दहाच्या आत.

मग पुढे तो दिसला.
दिसला म्हणजे काय, त्याचा ढग दिसला.
शहात्तर टनांचा ट्रक पाइनचे ओंडके घेऊन पळतो
तेव्हा कोरडा बर्फ असा उठतो
की कुणी भर रस्त्यात पिठाचं पोतं झटकतंय.
त्या पिठात दोन लाल ठिपके,
आत्ता आहेत, आत्ता नाहीत.

पाय आपोआप उचलला गेला.
ब्रेक नाही. नुसता पाय.

हे शहाणपण माझं नव्हे, तायस्तोचं.
सव्वीस वर्षं त्यानं असाच ट्रक हाकला
आणि मला गाडी शिकवली जेवणाच्या टेबलावर.
मिठाची बाटली म्हणजे मी, काडेपेटी म्हणजे तू.
काडेपेटी बाटलीला चिकटवून विचारायचा,
‘आता तू मला दिसतेस?’
दिसत असेन की, एवढाले आरसे!
‘आरशात माझं तोंड शोध.
ते सापडलं नाही, तर माझ्या लेखी तू नाहीसच.’
मग काडेपेटी मागे, अजून मागे,
बटाट्यांच्या पातेल्यापलीकडे, पार टेबलाच्या कडेला.
‘इथं. उन्हाळ्यात.
हिवाळ्यात हे टेबल पुरायचं नाही.’

एका मार्चमध्ये तो घरी आला आणि जेवला नाही.
एक छोटी निळी गाडी, एवढंच म्हणाला.
उतारावर पुढे घुसली, आणि ब्रेक लावला.
‘मी थांबवत होतो गं. तो थांबत नव्हता.’
ट्रकला त्यानं पहिल्यांदाच ‘तो’ म्हटलं.
एरवी ‘आम्ही’ असायचं.
त्या रात्री काडेपेटीतल्या काड्या
त्यानं एकेक काढून ओळीनं मांडल्या
आणि पुन्हा भरून ठेवल्या.

तर मी मागे राहिले.
रस्त्याकडेला बर्फात रोवलेल्या काठ्या असतात,
त्यांतल्या एकीपाशी लाल ठिपके पोचले की मोजायचं.
सहा. सात. आठ. बरं आहे.

एवढ्यात मागून उजेड. छतावर स्की बांधलेली गाडी,
माझ्या मानेवर तिचे दिवे.
एकदा लुकलुकले, दोनदा,
मग ती मला ओलांडून गेली
आणि न थांबता ढगात शिरली.

मी पुन्हा मोजायला लागले. दुसरं करणार काय?
नऊ. दहा. समोरून कोणी आलं तर.
अकरा. रेनडिअर उभे असले तर.
बारा.
दूर चढावर, ढगापलीकडे, तिचे दिवे. सुखरूप.

काहीच झालं नाही.
हेच मला लागलं.
निळ्या गाडीचंही शंभरदा
काहीच झालं नसणार.

बस थांब्याच्या मोकळ्या जागेपाशी ट्रकचा वेग उतरला,
उजवा इंडिकेटर लागला. जा म्हणत होता.
ढग खाली बसला. मी सावकाश बरोबरीला आले,
आरशात तोंड शोधलं, आणि सापडलं:
एक मुलगी, लोकरी टोपी, दातांत पाव धरलेला.
तिनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.
तिचे दोन्ही दिवे माझ्या आरशात अख्खे येईतो
मी तिच्या पुढे वळले नाही.

आइलीकडे अकरा मिनिटं उशीर.
‘लापशी थिजली,’ ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
मी हात चोळून गरम केले, सुई भरली.
टेबलावर मीठ होतं. काडेपेटी नव्हती.
तिला आता चूल पेटवू देत नाहीत.