फऱ्याखालची गाठ

कन्नड अक्षर मनगटातनं निघतं.
गोल, गोल, जिलबी सोडावी तसं,
कोपर भिंतीला टेकवलं तरी जमतं.
आपल्या अक्षरावरची रेघ, खरं,
खांद्यातनं यावी लागते,
दुकानाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत
श्वास कोंडून, एका दमात.
मधे श्वास सोडलास की रेघेला पोट येतं,
रामलिंग मास्तर सांगायचे,
आणि ब्रशच्या दांड्यानं बोटांवर एक द्यायचे.

चौतीस वर्षं दोन्ही लिहिली मी.
खडेबाजारात, शहापुरात, कंग्राळीच्या शाळेवर,
ट्रॅक्टरच्या पाठीवर, पिठाच्या गिरणीवर.
आधी वर हे, खाली ते.
मग कागद आला, वरचं खाली गेलं,
खालचं बारीक झालं.
एकदा तर रात्रीत कुणी डांबर फासलं
आणि सकाळी मलाच बोलावलं, पुसायला.
मी काही विचारलं नाही.
शिडी तीच होती. खांदाही तोच.

गाठ कधी बसली, ठाऊक नाही.
तेल चोळताना सुभद्रा म्हणाली,
हितं वाटाणा हाय बघा, सरकत न्हाई.
वीट तापवून शेकलं.
अनगोळच्या पैलवानानं गुडघा देऊन दाबलं,
तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.
शेवटी ब्रशच हातातनं सुटला,
खाली उभ्या कुकर-मिक्सरवाल्या मालकाच्या
पांढऱ्या शर्टावर, लाल.
तो म्हणाला, भरमा, फ्लेक्स करून घेतो आता.

टिळकवाडीत, तिसऱ्या गेटाजवळ, मुनवळ्ळी डॉक्टरीण.
वयानं माझ्या थोरलीएवढी.
बोटानं चाचपत गेली, भिंतीचा पोपडा बघतात तशी.
इल्लि? नाही. इल्लि? नाही.
इल्लि?
आणि कळ फऱ्याखालनं सुटली ती थेट अंगठ्यात,
जिथं ब्रश टेकतो, नेमकी तिथं.
बाई हसली. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,
काका, दुखणं राहतंय एकीकडं
आणि पत्ता देतंय दुसरीकडचा.
मी म्हणालो, बेळगावचंच हाय ते.

मग सुई.
कातडीला काहीच वाटलं नाही, मुंगी म्हणा.
आत, खोल, टोक गाठीला लागलं
आणि माझंच मांस एकदा उडालं
मासळीनं गळाला हिसका द्यावा तसं,
मला न विचारता.
बंत, बंत! बाई खूश.
आलं म्हणे. हेच पाहिजे होतं.
सुई थोडी मागं, पुन्हा आत, तिरकी,
एकाच भोकातनं चार वाटांनी.
दरवेळी एक हिसका, आधीपेक्षा लहान.
चौथ्याला मांस गप्प.

उसिर बिडरी काका, ती म्हणाली.
श्वास सोडा.
तेव्हा कळलं, मी तो धरून बसलोय.
सुईला भिऊन नव्हे. सवयीनं.
पोरीला काय सांगू,
मास्तरांनी हेच तर शिकवलेलं.
उसिर बिडरी, पुन्हा म्हणाली, जरा जोरात.
सोडला.
किती जुना होता कोण जाणे,
टर्पेंटाईनचा वास आल्यासारखं वाटलं.

दोन दिवस शिडी नको. गरम पाण्याचा शेक.
दंड वर, कानाला लावून, दहा वेळा.
आठवड्यानं परत या, एकदा टोचून संपत नाही.
गाठ काय म्हणतात कन्नडात, मी विचारलं.
गंटु, म्हणाली.
चौतीस वर्षांत हा शब्द
एकाही पाटीवर आला नव्हता.

बाहेर तिचीच पाटी, फ्लेक्सची.
कन्नड ठसठशीत. खाली मराठीत नाव,
कंप्युटरनं वरची रेघ तीन ठिकाणी तोडलेली.
बघून हात आपसूक वर गेला, डोक्याच्याही वर,
आणि दुखला नाही. बधिर होता म्हणा अजून.

गेट पडलं होतं. मालगाडी चाललेली,
डबे मोजत लोक स्कूटर बंद करून उभे.
मी बोट उचललं आणि
इंजनाकडनं गार्डाच्या डब्याकडं
हवेत एक रेघ ओढली.
मधेच श्वास सोडला, मुद्दाम.
आलं असेल पोट रेघेला.
मास्तर नाहीत आता,
आणि स्कूटरवाल्याला वाटलं
मी कुणाला तरी हात करतोय.
त्यानंही केला.