रकाना क्रमांक नऊ

पंचायतीच्या नव्या नोंदवहीत
रकाना नऊ : गावाचा इतिहास.
जागा पाच ओळींची.
ग्रामसेवक म्हणाला, गुरुजी, तुमचं अक्षर बरं आहे,
चहा येईपर्यंत भरून टाका.

लिहिलं : नावटेक. तापीच्या दोन धारांमध्ये
आठशे पावलं लांब, तीनशे रुंद
(उन्हाळ्यात. श्रावणात कुणी मोजलं नाही.)
घरं एकतीस. भोई, टोकरे कोळी, एक शिंपी,
आणि एक लमाण, मीठ विकायला आलेला,
त्याचा बैल इथे मेला म्हणून राहिलेला.

पाच ओळी संपल्या.
मी समासात शिरलो.

काठाला आम्ही बंदर म्हणायचो.
कापसाचे बोद चढायचे तिथून,
पलीकडून सातपुड्याचा मोह यायचा, डिंक यायचा,
आणि वाळूतली डांगरं, अजून गरम.
मोजणीचा साहेब हसला होता म्हणे :
समुद्र कुठे, तुम्ही कुठे!
धुडकू भोयानं वल्हं थांबवलं नाही.
"पानी त एकच शे ना, साहेब."

दरांची पाटी सागाची. मी स्वतः वाचलेली :
माणूस अर्धा आणा. बैल दोन. भरली गाडी आठ.
मढ्याला माफ.
सासरी निघालेल्या पोरीला माफ.
आणि तळाशी, खिळ्यानं, वेगळ्या हातानं :
परत आलेल्या पोरीला इचारू नये.
ती कोण, कुठल्या रात्री, कशी आली
हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं,
म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

रात्री पैलतीरावरून हाक यायची : लाव रे ऽऽ
धुडकूची बायको भुराबाई अंथरुणातूनच ओळखायची
हाक विंचू चावलेल्याची
की नुसत्या उशीर झालेल्याची.
दुसऱ्याला ती विडी संपेपर्यंत थांबवायची.

महापुराच्या साली
हजेरीपुस्तक मी फेट्यात बांधलं.
नऊ मुलं. नवाच्या नऊ हजर मांडली,
सगळी एकाच होडीत होती.
कानबाईचा नारळ भुराबाईच्या ओटीत.
तिसऱ्या दिवशी पाणी गेलं,
गाळ ठेवून गेलं, आणि एक अनोळखी म्हैस.
म्हशीला मालक कधीच आला नाही.

मग चार कोसांवर पूल झाला.
त्याचं सिमेंट आमच्याच होड्यांनी वाहिलं.
हे लिहू का, विचारलं मी.
धुडकूचा नातू हिलाल म्हणाला, लिहा,
आणि मजुरी चांगली व्हती, तेबी लिहा.

बॅरेजचं पाणी आलं ते पूर नव्हता.
पूर परत जातो.
हे बोट-बोट चढलं, आवाज न करता,
उंबऱ्याशी आलं आणि बसून राहिलं
जसा एखादा वसुलीचा माणूस बसतो.
पाटी कोणी काढून नेली का?
हिलाल म्हणतो मी नेली. शिंपी म्हणतो मी.
दोघांच्याही घरी नाही.

मागच्या वैशाखात दारं दुरुस्तीला उघडली
आणि तीन दिवस बेट वर आलं :
चुलींचे चौकोन, निंबाचं खोड,
होड्या बांधायचा काळा दगड,
त्यावर दोरांनी कापलेल्या घळी.
हिलालनं एकीत बोट घातलं.
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
"आजाना टाईमले एवढी नव्हती," म्हणाला,
जसं काही नसताना कुणी
बांधत राहिलं होतं तिथे.

आता नवं नावटेक. प्लॉटला नंबर.
गल्ल्या सरळ, नदी दिसत नाही,
नळ दिवसाआड.
चहा गार झाला. ग्रामसेवक वही मागतोय,
समास भरले, मागचं पान भरलं,
मी पुठ्ठ्यावर आलोय.

एवढंच राहिलं :
एसटी थांब्यावर थांबते
आणि नव्वदीची भुराबाई उतरते.
शेवटच्या पायरीवर
लुगडं वीतभर उचलते,
पाऊल चाचपून ठेवते खाली,
आणि कोरड्या डांबराकडे बघून
कंडक्टरला विचारते,
"आज पानी किती शे रे?"