आंबट पाणी

एकोणिसाव्या दिवशी शेडमधलं तूस ओलं झालं.
पाय टाकला की चप्पल धरून ठेवायचं.
चार हजारांतली सदतीस पिल्लं
पंख सोडून, डोळे अर्धे मिटून
पडद्याशी उभी,
स्टँडवर शेवटची गाडी चुकलेली माणसं
उभी राहतात तशी.

सुपरवायझर बोरकुटे भिवापूरहून आला
मोटरसायकलला निळा कॅन बांधून.
"औषध नाही वहिनी, ॲसिड होय. सेंद्रिय."
मी म्हटलं, ॲसिडवर बॅटरी चालते, कोंबडी नाही.
"हजार लिटरला एक लिटर," तो म्हणाला
आणि झाकण फिरवलं.

मी नाकाला पदर लावला.
रैनू मडावी मात्र खाली वाकला.
कोरचीकडचा. दोन वर्षं झाली, शेडवरच झोपतो.
"हा तं लाल मुंग्यांचा वास होय, बाई."
बोरकुटेनं लेबल वाचलं.
फॉर्मिक.
मग तोही गप्प.

रैनू सांगत राहिला:
ऐनाच्या झाडावर पानं शिवून केलेलं घर,
टोपल्यात झाडायचं, चावून घेत घेत.
मीठ-मिरची घालून आई वाटायची.
ताप आला की तीच चटणी,
भूक मेली की तीच.

कागदाची पट्टी टाकीत बुडवली.
हिरवट होती ती पिवळी झाली,
आणि संत्र्याच्या सालीच्या जरा अलीकडे थांबली.
"चार," बोरकुटे म्हणाला,
मटक्याचा आकडा लागावा तसा.

आम्हीही जड जेवणावर
अंबाडीच्या फुलांचं सरबत पितो,
त्याला कोणी लेबल लावत नाही.

रात्री पाईपमधून
बुळबुळीत थर सुटून आला, शेवाळी, हातभर.
इतके दिवस हेच पीत होती ती.
मी बल्बखाली बसून पाहिलं:
लाल निपल, वर झालेली चोच, एक थेंब.
थेंब गळपिशवीत. थेंब पेटारीत.
पुढे आतड्यात, जिथं म्हणे
वाईट जंतूंना आंबट सोसत नाही,
चांगल्यांना सोसतं.
माणसांतही असंच असतं तर,
असं मी म्हणणार होते.
म्हटलं नाही. पंख्यांचा आवाज फार होता.

सदतीसपैकी अकरा गेली.
रैनूनं बांधाशी खड्डा केला, वर चुना.
तेविसाव्या दिवशी तूस मुठीतून
सुटं गळायला लागलं.
उरलेली खाद्यावर अशी तुटून पडत होती
की भांडी टांगणीवर हलायची.

चाळिसाव्या रात्री गाडी आली.
पाय धरून, उलटी, पाच-पाच.
सरासरी दोन किलो ऐंशी ग्रॅम.
बोरकुटे खूश. मीही,
खोटं कशाला बोलू.
निरोगी करून पाठवली.
कुठं, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

सकाळी शेड रिकामी.
रैनूनं टाकी घासण्याआधी
तळाच्या पाण्यात बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
"फिकं आहे, बाई," म्हणाला.
"मुंग्या कमी पडल्या."