जिन्यावरच्या कादंबऱ्या

हॅलिफॅक्सच्या या घरात भिंतींना ओल,
म्हणून कादंबऱ्या जिन्यावर.
पायरीगणिक एक ढीग, कडेने चढायचं.

"यातली चांगली कुठली?" शेजारच्या डोरीनने विचारलं,
बॉयलरवाल्याची वाट बघत, तिसऱ्या पायरीवर टेकून.

मी सुरूच झाले.
ही जाडी: नायक दोनशे पानं आजारी,
आणि त्याच्यापेक्षा लेखकालाच हौस.
हिचं बाइंडिंग सुटलंय, मधली चाळीस पानं गहाळ.
तेवढी मी मनाने रचली,
आणि खरं सांगू, माझीच बरी आहेत.
हिच्यावर सोलापूरच्या वाचनालयाचा शिक्का,
दंड आता किमतीच्या वर गेला असेल.
ही निळी तीनदा वाचली. तीनदा चिडले.
सून शेवटी सगळ्यांना माफ करते,
का, ते लिहिणारालाही ठाऊक नाही.

"वाच की ते."
"मराठी आहे. तुला काय कळणार?"
"समुद्राचं हवामान रोज रात्री ऐकते मी रेडिओवर.
माझी कुठे बोट आहे?"

मग वाचलं. सुनेचं शेवटचं बोलणं, अख्खं दीड पान.
जिन्यात आवाज वरपर्यंत गेला.
डोरीन मफलरचा धागा ओढत ऐकत होती.

"खोटं बोलतेय बाई," ती म्हणाली.
"सगळ्यांना घराबाहेर काढणारे ती.
आधी फक्त चहा पाजतेय."

बेल वाजली.
वीस वर्षं मी त्या सुनेवर रागावून होते.
दीड पान मागे गेले,
बोट ओळीवर ठेवलं.

बेल पुन्हा वाजली.
"वाजू दे," डोरीन म्हणाली.