रोस्टरच्या पाठीवर

रात्रीचे अडीच. वॉर्ड झोपलाय,
म्हणजे झोपल्यासारखा.
मे महिना, मेडिकलच्या भिंती अजून तापलेल्या,
कूलरच्या वाळ्याला स्पिरिटचा वास.
आम्ही तिघी, मी, वंदना उके आणि नवीन आलेली शेंडे,
पुढच्या महिन्याचं रोस्टर उलटं करून
त्याच्या कोऱ्या पाठीवर
नाशिक लिहून राहिलो.

शुक्रवारची गाडी. पहाटे नाशिक रोड.
तिथून द्राक्षमळ्यापर्यंत टॅक्सी, भाव आधी ठरवून.
शेंडेच्या मोबाइलवर ती जागा:
टेकडी, तळं,
हंसासारखे मुडपलेले पांढरे टॉवेल,
तेलमालिश साठ मिनिटं,
सकाळचं मौन,
मळ्यातून अनवाणी चालणे (जास्तीचे पैसे नाहीत).
वंदना म्हणाली, "माझी माय तर जन्मभर फुकटात चालली."
हसलो, तोंडावर हात धरून.
चौदा नंबरचे आजोबा कुशीवर वळले.

मग हिशेब.
खोलीचं भाडं तिघींत वाटलं तरी
माझा भिशीचा नंबर आधी लागायला पाहिजे.
जास्तीची गादी मागायची नाही,
खुर्चीत झोपायची सवय आहे आपल्याला.
वंदनाला काळजी वेगळीच:
एकोणीस वर्षं उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या गाठी आल्यात,
मालिशवालीला आधीच सांगावं लागेल
कुठं दाबायचं नाही ते.
ती सांगत होती आणि मी लिहीत होते,
पेशंटची हिस्ट्री लिहावी तशी.

शेंडे वाचून दाखवते, चाखायची रीत:
पेला तिरपा धरायचा, रंग पाहायचा,
हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा,
आणि थुंकून टाकायचा.
"थुंकायचा?"
"हो मॅडम, भांडं ठेवलेलं असते त्यासाठी."

माझा पेन थांबला.

उमरेडच्या पुढं, चैत्रात, उजाडायच्या आधी
मोहाखाली पिवळट फुलांचा सडा.
आम्ही पोरं टोपल्या भरायचो.
आई रीत वाचायची नाही.
बोटभर थेंब चुलीत शिंपडायची,
निळा जाळ उठला की माल खरा.
तिच्या मालाला देशी म्हणायलाही कोणी तयार नव्हतं,
पंचनाम्यात नुसतं हातभट्टी.
एकदा जीप आली, मडकी फोडली,
अंगणात आठ दिवस गोड वास,
आणि सांडलेला चोथा टिपून
कोंबड्या भिंतीला धडकत होत्या.

आईला नेलं ते मंगळवारी.
गुरुवारी संध्याकाळी पायी परत आली,
ओसरीवर टेकली, आम्ही रडत होतो,
आणि ती म्हणाली,
"दोन दिस बसून खाल्लं बाई.
कोनी ऊठ नाई म्हनलं."

दोन दिवस, दोन रात्री.
तेवढंच तिचं कुठं जाणं झालं.

यातलं मी काही बोलले नाही.
शेंडे विचारत होती, लाल की पांढरी,
वंदना म्हणत होती, मला तर चक्कर येते बाप्पा.
मी कागदाच्या तळाशी, औषधाच्या डोसाइतक्या बारीक अक्षरात,
लिहून टाकलं: थुंकायचं नाही.

नऊ नंबरचं सलाइन संपलं. उठलो.

सकाळी चौकात तर्री-पोहे खाताना
शेंडेचं बोट मोबाइलवर.
मेट्रननं रोस्टर तसंच फळ्यावर टोचलंय,
आमची नावं पुढं,
नाशिक भिंतीकडे तोंड करून.
तिघींची सुट्टी एका शनिवारी येत नाही,
हे तिघींनाही माहीत.
तरी पोरीनं तिकिटं काढली.
वेटिंग सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.
"उतरते मॅडम," ती म्हणते,
आणि माझ्या प्लेटीतला लिंबू
मला न विचारता
स्वतःच्या पोह्यांवर पिळते.