शेवटचं पान

पुस्तकात एक बकरी लाल बसमध्ये चढते.
कंडक्टर विचारतो, पूर्ण की अर्धं?
बकरी म्हणते, मला दाढी आहे, पूर्ण द्या.
इथं पोरं हसतात. दर वेळी इथंच.
जिला अजून कळत नाही ती लावण्यासुद्धा,
बाकीच्यांकडं बघून.

मग बस निघते, टेकडी लागते, पूल लागतो
आणि पुस्तक संपतं.
शेवटचं पान उधळीनं खाल्लंय,
माझ्या आधीच्या सेविकेच्या काळातच.
तांदळाच्या कट्ट्याखाली सापडलं तेव्हा
त्याला वारुळाचा वास होता.

"कुठं उतरली मंग?"
मला काय माहीत. तुम्ही सांगा.

तान्ह्या पोळ्याला सगळे
लाकडी नंदी मांडीवर घेऊन बसलेले,
एकाचं शिंग फेविकॉलनं ताजं चिकटवलेलं, हात लावू देईना.
बकरी अर्थातच पोळ्यात उतरली.
रांगेत तिला कोणी घेईना.
मयंक म्हणाला, "घ्या ना तिले बी. शिंगं हायेत तिले."

कोजागिरीला ती भुलाबाईपाशी उतरली
आणि खिरापत कोणी ओळखायच्या आत
खाऊन टाकली.

वेचणीत अंगणवाडी ओस.
आया ओटी बांधून वावरात, पोरं त्यांच्यामागं,
म्हणून पिशवीत पुस्तक घालून मीही धुऱ्यावर.
कापसाच्या ढिगाला टेकून वाचलं.
बकरी जिनिंगच्या फाटकाशी उतरली,
तोंडभर खाल्लं, खोकली,
आणि तोंडातून ढग निघाला.
ओळीतून एक बाई ओरडली,
"भाव काय सांगत होते म्हणा तिथं?"

माघात मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायकांची
गाडी भरली रात्रीच.
सुगंधा टेकामची आई गेली.
सुगंधा मावशीकडं राहिली.
घरी कोलामी, इथं मराठी,
ती दोन्हींच्या मधे, उंबऱ्यावर, गप्प.
त्या दिवशी उठून आली
आणि उधळीच्या भोकावर बोट ठेवलं.
"मिरचीत."
काय मिरचीत?
"बकरी. मिरचीत उतरली. माय हाय तिथं."

कोणी हसलं नाही.
मयंकनं बराच विचार केला.
"तोंड पोळन ना तिचं."
"माय जवळ पानी हाय," सुगंधा म्हणाली.

शिमग्याआधी बीटमधून नवी पुस्तकं आली,
करकरीत, प्लास्टिकमध्ये.
त्यात हीच बकरी. शेवटच्या पानासकट.
ती बाजारात उतरते, गाजरं घेते,
दिवेलागणीला घरी येते.
मी वाचलं, चांगलं आवाज काढून वाचलं.
पोरं चित्राकडं बघत राहिली.
"हे दुसरी बकरी हाय," लावण्या म्हणाली,
आणि तिचं ते सगळ्यांना पटलं.

तक्त्यात रकाना असतो: गोष्ट पूर्ण वाचली का?
मी तो भरलेला नाही.

मोह गळायला लागले तेव्हा सुगंधाची आई परतली.
बोटांची आग अजून गेली नव्हती;
लेकीच्या तोंडावरचे केस ती
मनगटाच्या मागच्या बाजूनं सारायची.
पोरीला सोडायला आली आणि दारातच टेकली.
सुगंधानं जुनं पुस्तक आणलं,
सरळ बसचं पान उघडून मांडीवर ठेवलं.

आईला अक्षर येत नाही.
ती बसकडं खूप वेळ बघत होती.
दोघी कोलामीत काही बोलल्या,
मग मला कळावं म्हणून आई मराठीत म्हणाली,
"हे आदिलाबादची गाडी व्हय का, म्याडम?
येताना मी याच्यातच होतो.
बकरी तं नाही दिसली."

सुगंधानं पान नीट सारखं केलं.
"तू झोपली असशीन," म्हणाली.