छाट

होटगी रोडच्या रायफल क्लबात
मागची खोली माझ्याकडे आहे.
खिडकी नाही तिला. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस,
आत भिंतीवरचा काटा तिशीकडे सरकला
की मी छताच्या चुन्याशी भांडते.

कपाट गिरणीच्या लिलावातलं.
दारावर अजून पुसट अक्षरं : कांड्या, ४० नंबर.
ज्या खणांत सूत निजायचं
तिथे पॉइंट टू-टूच्या डब्या बसतात
पन्नास-पन्नासच्या, घट्ट,
सुताराने आधीच माप घेतल्यासारख्या.

जुना माल पुढे, नवा मागे.
लॉटमध्ये लॉट मिसळायचा नाही.
ऐमन शेखच्या रायफलीला सातशे बाराच मानवतो,
दुसरा दिला की ती माझ्याकडे बघते
मीच भाजीत मीठ विसरल्यासारखी.
छर्‍यांचे डबे खाली, कारण पडले तर दबतात.
न उडालेलं काडतूस लाल झाकणाच्या डब्यात,
पुन्हा डबीत नाही, खिशात तर नाहीच.
बंदुका पलीकडच्या खोलीत, वेगळ्या कुलपात.
"बंदूक हरवली तर दिसतं, बाई,"
किल्ली देताना बिराजदार हवालदार म्हणाले होते,
"गोळी हरवली तर मोजावं लागतं."

मोजणं मला शिकवावं लागलं नाही.
अम्मा विड्या वळायची, विडी घरकुलात,
पंचवीसचा कट्टा न बघता बांधायची,
बोलता बोलता, भांडता भांडता,
एकदा ताप असताना झोपेतसुद्धा.
फरक एवढाच :
तिचं पान ओल्या फडक्यात,
माझं पितळ कोरडं.
बुटांच्या खोक्यांतल्या त्या पांढर्‍या पुड्या
मी चपलांच्या दुकानातून मागून आणते,
दुकानदाराला वाटतं, बाई जरा हललेली आहे.
घामाचं बोट लागलं तर ठसा राहतो,
महिन्याने हिरवा होतो.
म्हणून हातमोजे. म्हणून उन्हाळ्यात मी
कुणाशी हात मिळवत नाही.

त्या गुरुवारी एकोणपन्नास भरले.

पुन्हा मोजले. रिकाम्या पुंगळ्या मोजल्या.
चटई उचलली, झाडूने कोपरे काढले,
नेमबाजांचे खिसे उलटे केले :
शेंगदाणे, एसटीचं तिकीट, कानातले बोळे.
कुणी म्हणालं, "एकच तर आहे."
मी दार लावून घेतलं आणि खुर्ची टाकून बसले.
सेक्रेटरी दोनदा घड्याळाकडे बघून गप्प राहिले.
ऐमन वाळूत उकिडवी बसून
मोबाईलच्या उजेडात शोधत होती.
सातला निघून गेलेले एकटे
दातांचे डॉक्टर हंचाटे. फोन उचलत नव्हते.

साडेनऊला ते स्वतःच आले, स्कूटरवर, पायजम्यात,
रुमालाची चार पदरी घडी हातात.
पँटच्या दुमडीत अडकलं होतं.
बायकोने बादलीत भिजत घातलेली पँट
पिळताना टण्ण वाजलं.

काडतुसाला निरम्याचा वास येत होता.
वहीत लिहिलं : पन्नास. वेळ नऊ पन्नास.
डॉक्टरांची सही, माझी सही.
मग ते लाल झाकणाच्या डब्यात टाकलं.
हिशोबात आलं, कामातून गेलं.

घरी अम्मा जागी होती.
"लेक्क सरिपोयिंदा?"
जुळला, म्हटलं. पण एक छाट.
ती बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली,
तंबाखूने कायमचा पिवळा झालेल्या.
तिची छाट कारखानदार फुकट ठेवून घ्यायचा,
आणि तिच्यासमोरच पेटवायचा.

"पैसे कापतील तुझे?"

नाही, म्हटलं.
तिला ते खरं वाटलं नाही.